फुकटाचा हिशेब

संपादकांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘विकिपीडिया फुकट कसा परवडतो? आणि विकायला काढलाच, तर किती येतील?’ हा प्रश्न घेऊन मी डिलाईल रोडला गेलो. पाटीवरचं नाव ना. म. जोशी मार्ग. हे जोशी म्हणजे १९२०मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. त्याआधी, १९११मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी मोफत वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या. खर्च देणगीदारांचा, वाचणारा गिरणीतला. आज इथल्या चाळींतली पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मोबाइलवर करतात. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतही तोच विकिपीडिया उघडला जातो. २०२०मध्ये भारतातल्या वाचकांकडे दीडशे रुपये मागणारी पट्टी झळकली, ती या पोरांच्याही पडद्यावर.

अधिकृत इतिहास छोटा आहे. १५ जानेवारी २००१ला जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला, तेव्हा पैसा वेल्स यांच्या बोमिस कंपनीचा होता. २००३मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र दिनी मराठी आवृत्ती. जाहिरात नाही, वर्गणी नाही, जवळपास सगळा कारभार देणग्यांवर.

मला गुंतवलं ते ताळेबंदाने. २०२२-२३मध्ये फाउंडेशनचं उत्पन्न सुमारे १८ कोटी डॉलर, खर्च १७ कोटींच्या आसपास. यात होस्टिंगचा, म्हणजे ज्यावर विकिपीडिया प्रत्यक्ष चालतो त्या यंत्रणेचा खर्च किती? सुमारे ३१ लाख डॉलर. पगारांवर दहा कोटींहून अधिक: अभियंते, वकील, निधी गोळा करणारे. लेख लिहिणाऱ्यांना छदामही नाही. शिवाय १० कोटी डॉलरच्या कायम निधीचं उद्दिष्ट २०२१मध्येच पुरं झालं. त्यामुळे ‘आता तुम्हीच वाचवा’ असा देणगीच्या पट्ट्यांचा सूर मला पटत नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनाही तो पटला नव्हता. २०२२मध्ये त्यांनी उघड हरकत घेतली आणि फाउंडेशनला पट्टीवरची भाषा बदलावी लागली.

आता विक्रीची किंमत. हा ज्ञानकोश नव्याने उभा करायचा तर ६६० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज २०१३मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडला होता. आकडा दणदणीत आहे, पण विकत घेणाऱ्याच्या हाती पडेल काय? विकिमीडिया आपला सगळा मजकूर ठरावीक काळाने ‘डंप’ म्हणून खुला ठेवते. इंग्रजी विकिपीडियाचा नुसता मजकूर दाबून पंचवीसेक जीबीत बसतो. मराठीचा तर साध्या पेनड्राइव्हवर. कुणीही उतरवून घ्यावा, छापावा, विकावासुद्धा. अट इतकीच, की श्रेय द्यायचं आणि त्यात भर घालून प्रसिद्ध केलं तर तेही याच अटीवर खुलं ठेवायचं. या अटीपुढे मी हात टेकले. जाहिराती येणार अशी नुसती कुणकुण लागल्यावर २००२मध्ये स्पॅनिश संपादकांनी सगळा मजकूर उचलला आणि वेगळा ज्ञानकोश थाटला. तेव्हापासून विकिपीडियावर जाहिरात आलेली नाही.

अशी विकता न येणारी मालकी इथेही होती: डिलाईल रोडच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. गावातून आलेल्या कुणीही पथारी टाकावी, महिन्याची वर्गणी द्यावी. खोली साऱ्या गावाची, म्हणून एकट्याला विकता येत नसे. आजूबाजूच्या जमिनीचा भाव आभाळाला भिडला तरी पथारीची वर्गणी त्या भावाने वाढली नाही.

ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकरांनी वेगळी वाट धरली होती. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल उभारलं, वर्गणीदार जमवत गावोगाव हिंडले. तेवीस खंड निघाले, पण १९३७मध्ये केतकर गेले ते हलाखीतच. वाईच्या मराठी विश्वकोशाला सरकारी तिजोरीचा आधार मिळाला. पहिला संहिता-खंड १९७६चा, आणि आता तो सगळा इंटरनेटवर मोफत आहे. म्हणजे भागधारक, करदाता आणि देणगीदार, असे तिन्ही आश्रयदाते मराठीने पाहिले.

चिंता आहे ती चौथ्याची. गूगलसारख्या कंपन्यांना शिस्तीत, वेगाने माहिती हवी असते, म्हणून २०२१मध्ये ‘विकिमीडिया एंटरप्राइज’ ही सशुल्क सेवा निघाली. मजकूर फुकटच, पैसे तो सतत, खात्रीने पोचवण्याचे. सुरुवातीच्या वर्षांत यातून वर्षाला तीसेक लाख डॉलर आले. म्हणजे जगातल्या बलाढ्य कंपन्यांनी मिळून जेमतेम होस्टिंगचं बिल भरलं. जानेवारी २०२६मध्ये ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांचीही नावं ग्राहकांच्या यादीत जाहीर झाली.

तोवर दुसरीकडे गळती सुरू झाली होती. जानेवारी २०२४पासून सव्वा वर्षात चित्रं आणि व्हिडिओ उतरवण्याचा भार निम्म्याने वाढला, आणि तो प्रामुख्याने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सामग्री ओढणाऱ्या बॉट्सनी वाढवला. २०२५मध्ये माणसांच्या भेटी आदल्या वर्षापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या. उत्तर चॅटबॉटवरच मिळालं की ‘संपादन’चं बटण दिसत नाही आणि देणगीची पट्टीही. दीडशे रुपये देणारा आणि चुकीची वेलांटी दुरुस्त करणारा, दोघेही याच दारातून येत होते. त्यात कोर्टकचेऱ्या: एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला. वकिलांचे पगार मघाशी खटकले होते. आता तेवढे खटकत नाहीत.

मराठी विकिपीडियावर लाखाच्या आसपास लेख आहेत आणि नियमाने लिहिणारी माणसं मूठभर. त्यातली निम्मी उद्या थांबली, तरी फाउंडेशनच्या ताळेबंदात एका डॉलरचाही फरक दिसणार नाही.