फोबॉस: पकडलेला लघुग्रह की मंगळाचाच तुकडा?

लघुग्रह आणि ग्रहांचे छोटे उपग्रह यांत फरक काय? व्याख्येपुरतं उत्तर सोपं आहे. सूर्याभोवती स्वतंत्र फिरतो तो लघुग्रह, ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. पण ती वस्तू कशाची बनली आणि आली कुठून, याबद्दल व्याख्येत एक शब्दही नाही.

मंगळाचे दोन चंद्र घ्या. फोबॉसची सर्वात लांब बाजू साधारण 27 किलोमीटर. सोलापूरहून अक्कलकोटला पोहोचायच्या आतच तो संपेल. डायमॉस त्याहून लहान. दोघेही बटाट्यासारखे वेडेवाकडे, खड्ड्यांनी भरलेले, काळपट. त्यांचा वर्णपटही डी-प्रकारच्या लघुग्रहांसारखा दिसतो. त्यामुळे ‘मंगळाने पकडलेले लघुग्रह’ असं अनेक पुस्तकांत बिनधास्त छापलेलं असतं.

आता कक्षा बघा. बाहेरून आलेला दगड पकडला गेला, तर त्याची कक्षा लांबट आणि तिरकी असायला हवी. शनीचा फीबी तर चक्क उलट्या दिशेने फिरतो. मंगळाचे चंद्र मात्र जवळपास वर्तुळात आणि मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात. भरती-ओहोटीच्या बलाने कक्षा गोल होते हे खरं, पण डायमॉस मंगळापासून साडेतेवीस हजार किलोमीटरवर आहे. तिथे हे बल इतकं क्षीण, की सूर्यमालेचं 4.5 अब्ज वर्षांचं वयही त्याला पुरत नाही. म्हणून दुसरी कल्पना: मोठ्या टकरीत मंगळाभोवती उडालेला मालमसाला गोळा होऊन हे चंद्र बनले.

डायमॉसची एकच बाजू कायम मंगळाकडे असते. आपलं मंगळयान लांबट कक्षेमुळे त्याच्याही पलीकडे जायचं, म्हणून 2014 मध्ये त्याला पलीकडची बाजू टिपता आली. 2023 मध्ये अमिरातीच्या होप यानाने जवळून वर्णपट घेतले. ते कार्बनी लघुग्रहांपेक्षा मंगळावरच्या बेसॉल्टशी जास्त जुळतात, असं त्या गटाचं म्हणणं. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सोलापूरच्या जमिनीखालचाच काळा पाषाण. काळं दिसलं की कार्बनी, असं समीकरण मांडता येत नाही ते यासाठीच.

मला स्वतःला कक्षेचा पुरावा जास्त वजनदार वाटतो. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने पृष्ठभागाचा रंग बदलतो. कक्षा इतक्या सहज बदलत नाही. पण पकडण्याच्या बाजूने मॉडेल मांडणारेही आहेत, त्यांचे पेपर वाचल्याशिवाय मत बनवू नका.

जपानची एमएमएक्स मोहीम फोबॉसवरून माती आणण्यासाठी आखलेली आहे. त्या मातीत पाणी धरून ठेवणारी, कार्बनयुक्त खनिजं निघाली तर पकडलेला लघुग्रह. टकरीत वितळून थिजलेला मंगळाचा खडक निघाला तर दुसरी कल्पना.