कोष्टकातील चौथी ओळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची खरी परीक्षा शब्दसंग्रहात होत नसून क्रियापदाच्या काळात होते, असे पस्तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस दिसून आले आहे. शब्द अडला तर कोश उघडता येतो. काळ अडला तर कोश मुका होतो. प्रस्तुत लेखात ह्याच विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्यास निमित्त आमचीच एक चूक आहे, हे आरंभीच कबूल करणे बरे.

नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावर आखाडा बाळापूर हे आमचे गाव. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. गतवर्षी अधिक चांगल्या जागेसाठी त्याने एके ठिकाणी मुलाखत दिली. ‘सध्याच्या जागी किती वर्षे?’ असे विचारले असता तो म्हणाला, ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स.’ चार वर्षे झाली व अजून तेथेच आहे, असा त्याचा आशय होता. ऐकणारांनी मात्र, ह्याने ती नोकरी सोडली, असा सरळ अर्थ घेतला. पुढे ओघात, जागा सोडण्यास दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागेल, असे तो बोलला, तेव्हा दोहोंपैकी एक विधान खोटे आहे, असे त्यांनी तोंडावर बोलून दाखविले. जागा दुसऱ्यास मिळाली. दिवाळीस घरी आल्यावर त्याने विचारले, ‘काका, चार वर्षे तर भरली होती, मग भूतकाळ चुकला कसा?’

आम्ही माळ्यावरून त्याची शाळेतील वही काढविली. तीत आम्हीच सांगितलेले काळांचे कोष्टक होते व त्याखाली आमच्या लाल शाईची बरोबरची खूण होती. मराठीचे बारा काळ एका बाजूस, इंग्रजीचे बारा दुसऱ्या बाजूस. साधा, अपूर्ण व पूर्ण ह्या तीन ओळी ठीक जुळत होत्या. चौथ्या ओळीत मराठीकडे ‘रीतिकाळ’ होता, आणि त्याच्यासमोर आम्ही ‘हॅव बीन गोइंग’ हे रूप लिहून दिले होते. बारांस बारा मिळाले म्हणून आमचे समाधान झाले होते! वास्तविक ‘मी जात असतो’ ह्यात सवय सांगितली आहे. ‘आय हॅव बीन गोइंग’ ह्यात मागे सुरू होऊन आतापर्यंत चालत आलेली क्रिया सांगितली आहे. नोकरी म्हणजे काही सवय नव्हे, म्हणून जे रूप त्या प्रसंगासाठीच घडले आहे, ते मुलास सुचलेच नाही.

ही चूक आमच्या एकट्याची नसावी. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची मांडणी बहुतांशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली. तो साचा शाळांतून रूढ झाला आणि दोन्ही भाषांची कोष्टके जुळ्या भावंडांसारखी दिसू लागली. परंतु चेहरे सारखे म्हणून स्वभाव सारखे असतात असे नाही.

आमच्या मते प्रत्येक भाषा भूतकाळास आपला स्वतंत्र प्रश्न विचारते. संस्कृत विचारते, ‘हे आजचे की आजच्या पूर्वीचे? आणि तुम्ही ते प्रत्यक्ष पाहिले काय?’ म्हणूनच लुङ् सामान्य भूतास, लङ् अनद्यतनास व लिट् परोक्षास, अशी पाणिनीची व्यवस्था आहे. मराठी विचारते, ‘हे एकदा घडले की नित्य घडत असे?’ ‘आजोबा पहाटे उठले’ आणि ‘आजोबा पहाटे उठत’ ह्यांतील भेद आपल्या घरचे पाच वर्षांचे मूलही जाणते. इंग्रजी ह्यांपैकी काही न विचारता एवढेच विचारते, ‘त्या गोष्टीचा धागा आजच्या क्षणाशी बांधलेला आहे की तुटलेला?’ तुटला असेल तर ‘वर्क्ड’; बांधलेला असेल तर ‘हॅव वर्क्ड’ अथवा ‘हॅव बीन वर्किंग’.

हे ज्ञान आमच्या घरात पूर्वी होते, ही नवलाची गोष्ट होय. आमचा प्रांत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणदेखील उर्दूतून चाले व इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. आमचे तीर्थरूप उर्दू शाळेत शिकलेले. ते काळांची नावे माजी, हाल व मुस्तकबिल अशी घेत. ‘माजी मंत्री’ ह्यातील माजी तोच. ज्यास आम्ही ‘पूर्ण वर्तमान’ म्हणत आलो, त्यास ते ‘माजी करीब’ म्हणत. करीब म्हणजे जवळचा. जवळचा भूतकाळ! ‘पूर्ण’ ह्या शब्दाने मुलास वाटते की काम संपले. ‘जवळचा’ म्हटले म्हणजे ते आजला चिकटून आहे, हे आपोआप कळते. आम्ही संस्कृत शिकलो म्हणून त्या नावांकडे लक्ष दिले नाही, ह्याचा आज खेद वाटतो.

आता घरोघरच्या पालकांसाठी चार व्यावहारिक सूचना. मराठी वाक्यात ‘पासून’ आले व क्रिया अद्याप चालू असली, तर आपण ‘करतो’ म्हणत असलो तरी इंग्रजीत ‘हॅव बीन’ योजावे. काल, गेल्या वर्षी, २०१९ साली असा भूतकाळातील निश्चित वेळ सांगितला, तर धागा तुटला असे समजावे. ‘मी ते नाटक गेल्या वर्षी पाहिले आहे’ हे शुद्ध मराठी आहे. तेथे ‘हॅव सीन’ मात्र अशुद्ध होय, ‘सॉ’ हेच रूप हवे. जुनी नित्याची गोष्ट, उदाहरणार्थ आजोबांचे पहाटे उठणे, ‘यूज्ड टू’ने सांगावी. चौथी सूचना अशी की, मराठीतील रूप पाहून इंग्रजी रूप ठरवू नये. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. हाक आली की उठण्यापूर्वीच ‘आलोच’ म्हणतो. एक वर्तमान, दुसरा भूत, आणि दोन्हींचा अर्थ भविष्याचा! आमच्या एका विद्यार्थ्याने ‘आलोच’चे भाषांतर ‘आय केम’ असे केले होते. आम्ही त्यास हसलो होतो. वस्तुतः तो आमचेच कोष्टक प्रामाणिकपणे पाळीत होता.

सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा आमच्या वेळेपेक्षा चार-पाच वर्षे आधीच ही कोष्टके मुलांच्या हाती पडतात, आणि लहानपणी पक्के झालेले चुकीचे पाठांतर पुसणे किती अवघड असते, हे वाचकांस सांगावयास नको. मुलास बारा नावे घोकविण्याऐवजी प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारावा, ‘हा धागा आजशी बांधलेला आहे का?’

पुतण्याने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. पाठविण्यापूर्वी त्याने तो आम्हांस वाचून दाखविला. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे त्याचे पहिलेच वाक्य होते. जागा मिळेल न मिळेल. वाक्य बरोबर आहे. त्या जुन्या वहीतील चौथ्या ओळीवर आम्ही लाल शाईने काट मारली व बाजूस आपली सही केली. शिक्षकाने स्वतःचीही वही तपासावी, हे निवृत्तीनंतर का होईना, आम्ही शिकलो.