उत्पादन घटलं जर्मनीचं, नोकऱ्या गेल्या स्पेनमधल्या

२००९ साली जर्मनीचं राष्ट्रीय उत्पन्न ५ टक्क्यांहून अधिक घसरलं. स्पेनचं घसरलं त्याहून कमी, ४ टक्क्यांच्या आत. म्हणजे जास्त माणसं जर्मनीत घरी बसायला हवी होती. झालं उलटंच. जर्मनीतली बेरोजगारी साडेसात टक्क्यांच्या आसपास होती, ती जेमतेम हलली. स्पेनमध्ये मात्र २००७ साली ८ टक्क्यांवर असलेली बेरोजगारी दोन वर्षांत १८ वर पोहोचली आणि २०१३ च्या सुरुवातीला तिनं २६ टक्के ओलांडले. पंचविशीच्या आतल्या, काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्याहून जास्त बेकार होती.

याची सुरुवात स्वस्त पैशात आहे. १९९९ मध्ये युरो आला, पेसेटा हे स्पेनचं जुनं चलन घसरण्याची धास्ती संपली आणि व्याज उतरलं. जर्मनीसारख्या देशांतली बचत बँकांमार्फत स्पेनमध्ये आली आणि विटा-सिमेंटात गेली. एकट्या २००६ साली ८ लाखांहून अधिक घरांना परवानगी मिळाली. दर आठ कामगारांतला एक बांधकामावर होता. सोळा-सतरा वर्षांची पोरं शाळा सोडून तिकडे वळली, कारण रोख पैसा तिथंच होता. त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

मग २००७ च्या उन्हाळ्यात बँका एकमेकींना उसने पैसे द्यायला कचरू लागल्या आणि सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. बाहेरून येणारा पैसा आटला. माद्रिदजवळच्या सेसेन्यात १३ हजारांहून जास्त फ्लॅटची वसाहत उभी राहायची होती, तिच्यातली निम्मी घरंही उभी राहिली नाहीत.

पण स्पेनमधला घाव एवढा खोल गेला तो देशातल्याच नियमांमुळे. तिथं सुमारे तिसरा हिस्सा कामगार हंगामी करारावर होते. कायम कामगाराला बेकायदा काढलं, तर नोकरीच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार मोजावा लागे. हंगामी माणसाचा करार नुसता पुढे वाढवायचा नाही, की झालं. कारखान्यांनी, ठेकेदारांनी तेच केलं. तडाखा बसला तो तरुणांना आणि परदेशातून आलेल्या मजुरांना.

जर्मनीत याच काळात ‘कुर्त्सआर्बाइट’, म्हणजे कमी तासांचं काम, जोरात होतं. मागणी घटली की मालकानं तास कमी करायचे, पण माणूस हजेरीपटावर ठेवायचा. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विम्यातून मिळत. २००९ च्या मे महिन्यात १४ लाखांहून अधिक कामगार या सोयीखाली होते. शिवाय तेजीत केलेले जादा तास खात्यावर जमा असत, ते मंदीत वळते करून घेता आले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जर्मनीची यंत्रं आणि मोटारी यांची मागणी परत येणार होती. स्पेनमधल्या रिकाम्या फ्लॅटची येणार नव्हती, आणि तास कमी करून कुठल्याही गवंड्याचं काम टिकलं नसतं. चलन स्वतःचं असतं, तर त्याचा भाव उतरवून निर्यात वाढवता आली असती. १९९२-९३ मध्ये स्पेननं तसं केलं होतं. युरोत ती वाट बंद होती.

२०२० मध्ये कोरोना आला आणि स्पेनचं उत्पन्न सुमारे ११ टक्क्यांनी कोसळलं, २००९ च्या जवळपास तिप्पट. बेरोजगारी १४ वरून साडेपंधरा टक्क्यांवरच थांबली. कारण या वेळी ‘एर्ते’ ही कुर्त्सआर्बाइटसारखीच योजना सरकारनं सढळ हातानं वापरली. एप्रिल अखेरीस ३० लाखांहून जास्त लोक काम थांबलेलं असूनही नोकरीत होते. मार्चच्या शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांत तरीही सुमारे ९ लाख नोकऱ्या गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त हंगामी करारावरच्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये माद्रिदच्या सरकारनं कामगार आणि मालक संघटनांना एकत्र बसवून या करारांना लगाम घालणारा कायदा आणला. दोन वर्षांत हंगामी कामगारांचं प्रमाण चारातल्या एकावरून सहातल्या एकावर आलं.