कोयता मोडला, लेकरू कुणाकडं?

दिवाळी आटोपली की गेवराई तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचलही दोघांच्या कामावर. लेकरं एक तर फडावर जातात, नाही तर गावात आजीपाशी किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. अशा जोडप्याचं बिनसलं की पंच बसतात आणि बाँडवर फारकत लिहिली जाते. उचलीचा हिशेब बारकाईनं मांडला जातो. पोरं कुणाकडं राहणार, हे मात्र एका ओळीत उरकतं.

त्या ओळीनं न्यायालय बांधलं जात नाही.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप येतो, मग आई. पण पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडंच असावं, असंही तोच कायदा सांगतो. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावानं रोखे घ्यायला गेल्या, तेव्हा पालक म्हणून त्यांची सही रिझर्व्ह बँकेला चालेना. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल, तर आई पालक ठरू शकते. शेवटी कसोटी एकच, मुलाचं हित. नुसत्या सातबाऱ्यावर ताबा मिळत नाही.

आजीचं काय? वर्षाचे पाच-सहा महिने पोर तीच सांभाळते, तरी कायद्यात तिची बाजू लंगडी. २०१९ च्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई कर्करोगानं गेली आणि मूल मावशीनं सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयानं ताबा बापाला दिला.

ताब्याचा अर्ज मूल जिथं एरवी राहतं तिथल्या न्यायालयात, असा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा दंडक आहे. निम्मं वर्ष फडावर काढणाऱ्या पोराचं 'एरवी' कुठलं, हा वाद व्हायचाच; शाळेचा दाखला आणि अंगणवाडीची नोंद म्हणूनच जपून ठेवावी. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या बाईला जवळची वाट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती राहते तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो.

भेटीचं वेळापत्रक मात्र नोकरदारांचं असतं. दर रविवारी भेट, हा हुकूम कोल्हापूरकडच्या फडात असलेल्या बापाच्या काय कामाचा? गाळप संपल्यावरचे सलग दिवस मागणं जास्त शहाणपणाचं. एरवी फोन आहेच. दूरच्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉल मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय. शिवाय ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो. त्यासाठी बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडं करायचा.