लांब पोळीचं गुपित परातीत असतं

वर्धा जिल्ह्यात एखाद्या घरी कार्य असलं आणि मटणाचा बेत ठरला, की मांडवामागचा एक कोपरा धुराने भरतो. चुलीवर मडकं उपडं घातलेलं असतं, त्याचं बूड धगीने तापलेलं. परातीपाशी बसलेली बाई ओलसर उंडा उचलते, या हातावरून त्या हातावर झेलते, आणि बघता बघता तो मनगटावरून कोपरापर्यंत लोंबायला लागतो. पुढच्या क्षणी तो मडक्यावर पसरलेला असतो. मिनिटाच्या आत पोळी भाजून, घडी होऊन टोपल्यात पडते. हीच लांब पोळी. नागपूरकडे तिला लंबी रोटी म्हणतात, कुणी मटका रोटीही म्हणतात.

पाहणाऱ्यांची नजर त्या हातांवर खिळते आणि तिथूनच पहिला गैरसमज जन्माला येतो: ही जन्मजात हातोटी आहे, घरी जमण्यातली गोष्ट नव्हे. हाताला सवय लागते हे खरंच. पण हात फिरायला लागण्याच्या दोन तास आधीच पोळी लांबणार की फाटणार, हे ठरलेलं असतं.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळणं सुरू झालं, की दोघं मिळून एक लवचीक जाळं विणतात. तेच ग्लुटेन. ग्लायडिनमुळे कणिक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती पुन्हा आखडते. रोजच्या पोळीची कणिक लाटण्याला ऐकेल इतकी घट्ट असली की भागतं. लांब पोळीच्या कणकेला मात्र स्वतःच्या वजनाने खाली ओघळायचं असतं, म्हणून तिला पाणी बरंच जास्त लागतं. अर्धा किलो पिठाला 375 ते 400 मिलिलिटर पाणी आणि चमचाभर मीठ हा घरगुती सुरुवातीचा अंदाज. पाणी एकदम ओतायचं नाही. आधी घट्ट मळायचं, मग थोडं थोडं पाणी मुरवत, परातीत आपटत, ओढत पंधरा-वीस मिनिटं घालवायची. सुरुवातीला हाताला चिकटणारा गोळा शेवटी परात सोडतो आणि उचलला की तुटत नाही, लोंबतो.

“जितकं मळाल तितकं बरं” हा सल्ला इथे अर्धाच कामाचा. मळून झाल्या झाल्या कणिक ताणायला घेतली तर ती रबरासारखी मागे येते. ओल्या फडक्याखाली तास-दोन तास ठेवली की जाळं सैलावतं, पाणी सगळीकडे सारखं पोचतं आणि तोच गोळा निमूट लांबतो. घरी फसणाऱ्या बहुतेक पोळ्या या एका तासाच्या घाईने फसतात. सोडा किंवा यीस्ट मात्र नको. पोळीवर येणारे फोड वाफेचे असतात.

आता गव्हाकडे. जाणत्या बाया “लोकवनच हवा” म्हणतात, आणि या नावाने भल्याभल्यांना चकवलं आहे. लोकवन हे कुठलं वन नव्हे, गावही नव्हे. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा इथे लोकभारती नावाची संस्था आहे. तिथे झवेरभाई पटेल यांनी निवडपद्धतीने गव्हाचं जे वाण तयार केलं, त्याचं नाव लोक-1. बाजारात ‘लोक वन’ म्हणता म्हणता त्याचं लोकवन झालं आणि किराणा दुकानाच्या पाटीवर ते तसंच लिहिलं जाऊ लागलं. वर्धेकरांना यात आणखी एक धागा सापडेल. लोकभारती ही गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणविचारातून उभी राहिलेली संस्था, नानाभाई भट्ट यांनी 1953 मध्ये सुरू केलेली. आणि नई तालीमची देशव्यापी चर्चा झाली ती ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत. मांडवामागच्या परातीतल्या गव्हाचं असं दूरचं नातं वर्ध्याशी निघतं.

“जास्त प्रथिनं म्हणजे जास्त लांब पोळी” हेही सरसकट खरं नाही. विदर्भातला जुना बन्सी गहू कठीण, प्रथिनांनी भरलेला. पण तो ड्युरम जातीचा. त्याचं ग्लुटेन ताठ असतं. रवा आणि शेवयांना उत्तम, ताणायला घेतलं की फाटणारं. लांब पोळीला ताठपणा कमी आणि लवचीकपणा जास्त असलेला गहू लागतो.

मग ज्वारीची लांब पोळी? होत नाही, कारण ज्वारीत ग्लुटेनच नाही. म्हणून तर भाकरीला गरम पाणी घालावं लागतं. त्या पाण्याने पिठातलं स्टार्च चिकट होतं आणि भाकरी थापता येते, पण ताणता येत नाही. हाच पेच हजारो मैलांवर, स्वीडनच्या उत्तरेकडच्या थंड भागातही होता. तिथे गहू नीट पिकत नसे, पीक सातूचं, म्हणजे बार्लीचं. सातूचं ग्लुटेन दुबळं. तिथल्या बायकांनी ताणण्याचा नाद सोडला आणि लाटण्यावर भर दिला. खाचा पाडलेल्या लाकडी लाटण्याने पोळी लाटायची, लांब पातळ काठीवर उचलायची आणि लाकडाच्या जाळाने तापलेल्या दगडी भट्टीत भाजायची. नाव तुनब्रोद, शब्दशः ‘पातळ पाव’. गावात भाजण्यासाठी वेगळी खोली असे, बायका जमून एकदम पुष्कळ पोळ्या करत आणि त्यातल्या कडक पोळ्या महिनोन्महिने टिकत. आज तिथल्या रस्त्यांवर याच पोळीत कुस्करलेला बटाटा आणि सॉसेज गुंडाळून विकतात. धान्य बदललं तसं तंत्र बदललं, एवढंच.

शहरी पाहुण्यांचा ठरलेला शेरा असतो: “अरे, ही तर रुमाली रोटी!” उपडं भांडं आणि पातळपणा सोडला तर साम्य संपतं. रुमाली बहुधा मैद्याची किंवा मैदा मिसळलेली, हवेत भिरकावून मोठी केलेली, उपड्या लोखंडी कढईवर भाजलेली. लांब पोळी गव्हाच्या वस्त्रगाळ पिठाची, हातावर लोंबवलेली, मातीवर भाजलेली. खानदेशातले मांडे अधिक जवळचे. तेही खापरावर भाजतात, पण त्यांत पुरण असतं आणि आमरसाशी त्यांची जोडी जमते. बेळगावचे मांडे आणखी निराळे, साखरेचे, कुरकुरीत. नावं एकमेकांत मिसळतात, पदार्थ मिसळत नाहीत.

हा प्रकार हॉटेलवाल्यांनी अलीकडे काढला, असं मानणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मंडक नावाच्या गव्हाच्या पोळीची कृती आहे, आणि ती भाजायची खर्परावर, म्हणजे खापरावर. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची आख्यायिका मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. कुंभाराने खापर देण्याचं नाकारलं म्हणून तो प्रसंग ओढवला, हा त्यातला तपशील मात्र अनेकजण विसरतात. आजची लांब पोळी थेट त्या मंडकाची नात आहे असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. उपड्या मातीच्या भांड्यावर पातळ पोळी भाजणं मात्र इकडे नवं नाही.

उलट, अलीकडच्या काळात ही कला कुणी जिवंत ठेवली, हे सांगताना लोक चाचरतात. विदर्भातल्या दलित वस्त्यांमधल्या कष्टकरी बायकांचा यात मोठा वाटा आहे. चुलीच्या धगीसमोर तासन्‌तास बसून शेकडो पोळ्या उतरवणं हे त्यांचं कसब, आणि अनेकींची कमाईही. मराठी पाकपुस्तकांच्या कपाटात त्यांची पोळी उशिरा पोचली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली, विदर्भातल्या चुली तशा नोंदीची वाट पाहत आहेत.

आरोग्याच्या गप्पांत दोन दावे हमखास येतात. पहिला, मातीमुळे पोळीत खनिजं उतरतात. पोळी मडक्यावर असते मिनिटभर, तीही कोरड्या धगीवर. एवढ्यात काय उतरणार? मातीचा खरा उपयोग वेगळा आहे. ती उष्णता सावकाश आणि सारखी देते, म्हणून पातळ पोळी जळत नाही. दुसरा दावा, पातळ आहे म्हणून मधुमेहींना चालते. पातळ पोळी आकाराने केवढी मोठी असते ते पाहावं! शिवाय पीठ फडक्याने गाळताना कोंडा बाजूला पडतो आणि त्याबरोबर तंतूही. इथे वर्ध्याची एक गंमत आहे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली वर्ध्यातल्या मगनवाडीतून जात्यावरच्या, कोंड्यासकट पिठाचा प्रचार केला. गांधीजींचाही न चाळलेल्या पिठाचाच आग्रह. त्याच गावाच्या पंचक्रोशीत लोक वस्त्रगाळ पिठाच्या पोळीवर जीव टाकतात. कोंड्याचे टोकदार कण ग्लुटेनचं जाळं कापतात, म्हणून गाळण्याला इलाज नाही. कार्यापुरती लांब पोळी आणि रोजची कोंड्याची, अशी तडजोड मगनवाडीलाही चालली असती.

राहिलं मडकं. पाण्याचा माठ उपडा घालून गॅसवर ठेवणाऱ्यांचा माठ फुटतो, आणि दोष माठाचा नसतो. गॅसची ज्योत एकाच जागी तापवते, बाकीचा भाग थंड राहतो आणि माती तडकते. चुलीची धग आतून सगळीकडे पसरते. रांधण्यासाठी भाजलेलं जाड मडकं घ्यावं आणि तेही मंद आचेवर हळूहळू तापवावं. फ्लॅटमध्ये चूल नसली तर लोखंडी कढई उपडी घालावी. चव थोडी बदलते, पोळी होते. कढई तापली की मिठाचं पाणी शिंपडायचं. ते चर्र करून सुकलं की उंडा घ्यायचा. लिंबाएवढा नको, पेरूएवढा घ्यावा. हात पाण्याने ओले करून आधी परातीतच बोटांनी पसरवायचा, मग दोन्ही तळव्यांवर झेलत खाली ओघळू द्यायचा. ओढायचं नाही. वजनालाच काम करू द्यायचं.

पहिल्या तीन-चार पोळ्या फाटतात. त्या बाजूला ठेवाव्यात. रस्सा उकळत असतोच, आणि तर्रीत बुडालेला तुकडा गोल होता की फाटका, हे कुणी विचारत नाही.