वैद्यकीय महाविद्यालयांची यादी

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी 'नीट' परीक्षेस बसलेली असते, त्या घरांत निकालाच्या सुमारास एक वही उघडली जाते. वहींत डाव्या बाजूस महाविद्यालयांचीं नांवें असतात, उजव्या बाजूस गेल्या सालचे आंकडे असतात, आणि मध्यें वडिलांचें, मामांचें व शेजारच्या डॉक्टरांचें मत असतें. ज्याला तेथें साडेपांच वर्षें काढावयाचीं आहेत त्याचें मत बहुधा समासांत, पेन्सिलीनें लिहिलेलें आढळतें. या वहीविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

2025 सालीं देशांत सुमारें 22 लाख विद्यार्थी या परीक्षेस बसले, आणि एम. बी. बी. एस. च्या जागा लाखाहून थोड्याच अधिक. राज्यांच्या सरकारी महाविद्यालयांतील शेंकडा 15 जागा अखिल भारतीय वांट्यास जातात. उरलेल्या शेंकडा 85 जागा महाराष्ट्रांत सी. ई. टी. कक्षाकडून भरल्या जातात. पूर्वीं या जागांपैकीं शेंकडा 70 त्या त्या विभागांतील विद्यार्थ्यांसाठीं राखलेल्या असत. ती पद्धति सप्टेंबर 2020 मध्यें रद्द झाली. जुन्या सल्लागारांस हें पुष्कळदां ठाऊक नसतें. लातूरच्या विद्यार्थ्यानें मुंबईचें आणि नाशिकच्या विद्यार्थ्यानें नागपूरचें नांव आतां निःशंक लिहावें.

आतां यादीचा क्रम. घरोघरीं सर्वांत मोठी चूक होते ती येथेंच. विद्यार्थी आपला पसंतीक्रम भरतो. संगणक गुणानुक्रमानें एकेकाची यादी हातीं घेतो, ती वरून खालीं वाचतो, आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रवर्गांत जी पहिली शिल्लक जागा आढळेल ती त्यास देतो. मागच्या क्रमांकाच्या मुलानें एखादें नांव पहिलें लिहिलें व तुम्हीं तेंच दहावें लिहिलें, म्हणून तो तुमच्या पुढें जात नाहीं. अर्थात् न मिळण्यासारखें महाविद्यालय शिरोभागीं लिहिल्यानें कांहींच बिघडत नाहीं. तें मिळालें नाहीं, तर संगणक खालच्या ओळीकडे वळतो.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलीला मुंबईंतील एक जुनें महाविद्यालय हवें होतें. तिच्या काकांनीं हिशेब मांडला: "तेथें लागणें कठीण, पहिली पसंती वायां कां घालवा?" म्हणून घराजवळचें महाविद्यालय पहिलें लिहिलें, आणि पहिल्या फेरींत तेंच मिळालें. निवडयादी प्रसिद्ध झाली तेव्हां मुंबईच्या त्या महाविद्यालयांत तिच्याच प्रवर्गांतील, तिच्याहून मागच्या क्रमांकाच्या मुलास जागा मिळाल्याचें दिसलें. पुढील फेरींत प्रयत्न झाला. परंतु पहिल्या फेरींत गेलेल्या जागा फारशा परत येत नाहींत. काकांच्या मनांत वाईट नव्हतें. आपली पसंती म्हणजे जणूं सोडतीचें एकुलतें एक तिकीट, अशी त्यांची समजूत होती. ती मुलगी आतां डॉक्टर झाली आहे व सुखी आहे. पण तो विषय त्या घरांत अद्याप कोणी काढीत नाहीं.

गेल्या वर्षाचे आंकडे पाहतांना गुणांवर जाऊं नये, क्रमांकावर जावें. 2024 सालीं सुधारलेल्या निकालांत 17 विद्यार्थ्यांस 720 पैकीं 720 गुण होते. 2025 सालीं प्रश्नपत्रिका इतकी अवघड निघाली कीं देशांत पहिल्या आलेल्यास 686 मिळाले. पहिल्या सालचे गुण दुसऱ्या सालीं ताडून पाहणाऱ्यांची त्या वर्षीं उगाच झोप उडाली.

क्रम स्वतःच्या आवडीनें लावावा हें खरें. पण आवड कशावर ठरवावी? महाराष्ट्रांतील सरकारी महाविद्यालयें व अभिमत नसलेलीं बहुतेक खासगी महाविद्यालयें 1998 सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न आहेत. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवी एक. मग फरक उरतो तो रुग्णांचा आणि शिक्षकांचा. 2018 पासून सरकार वैद्यकीय संस्थांची जी क्रमवारी लावतें, तींत 100 पैकीं 30 भार संशोधनाचा आहे. संशोधन चांगलेंच, परंतु नाडी पाहावयास शिकणाऱ्या मुलाला त्या रकान्याचा उपयोग थोडा.

रुग्णालय पाहावें. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणें वर्षाला 100 विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयास 420 खाटांचें आणि 150 घेणाऱ्यास 605 खाटांचें रुग्णालय लागतें. पण हा झाला कागद. त्या खाटांवर रुग्ण आहेत कीं नाहींत तें डोळ्यांनीं पाहावें. एखाद्या सोमवारीं सकाळीं दहा वाजतां बाह्यरुग्ण विभागांत मुलासह जाऊन अर्धा तास उभें राहावें. संगमरवरी पायऱ्या, रिकामीं बांकें आणि केराचा कण नसलेला वऱ्हांडा दिसला, तर प्रसन्न होण्याचें कारण नाहीं. नंतर तेथील एखाद्या आंतरवासी डॉक्टरास बाजूला घेऊन विचारावें, "तुम्हीं स्वतःच्या हातानें किती बाळंतपणें केलींत?" या प्रश्नाच्या उत्तरावरून जें कळतें तें छापील माहितीपत्रकावरून कळत नाहीं.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे जुन्या महाविद्यालयांचा मान कां आहे तें ध्यानांत येतें. जे. जे. रुग्णालयाशीं जोडलेलें ग्रँट महाविद्यालय 1845 चें, के. ई. एम. चें सेठ गो. सुं. महाविद्यालय 1926 चें. पुण्यास ससूनचा रुग्णसमुदाय, नागपुरास 1947 पासूनचें सरकारी महाविद्यालय. मात्र येथें एका वर्षांत दोन दोनशें पन्नास मुलें असतात. एका खाटेभोंवतीं पंधरा जण उभे राहिले कीं पंधराव्यास रुग्णाचें पोट दिसत नाहीं, पुढच्याची पाठ दिसते.

उलट, 2024 सालीं राज्यांत जीं दहा नवीं सरकारी महाविद्यालयें सुरू झालीं – गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा इत्यादि – त्यांच्याविषयीं शहरी घरांत नाक मुरडण्याची चाल पडली आहे. जिल्हा रुग्णालयांत रुग्णांस तोटा नसतो. मुलें थोडीं, म्हणून हातीं काम लवकर येतें. उणीव संभवते ती शिक्षकांची. म्हणून तेथें इमारत किती उभी राहिली हें विचारूं नये. शरीररचनाशास्त्र व वैद्यकशास्त्र हे विषय शिकविणारे प्राध्यापक नेमलेले आहेत काय, आणि ते तेथेंच राहतात काय, हें विचारावें. सेवाग्रामचें महाविद्यालय 1969 पासून खेड्यांतच आहे. तेथें विद्यार्थी खादी वापरतात आणि प्रत्येक वर्गाकडे एक खेडें दत्तक असतें. हें ज्याला रुचतें त्याला फार रुचतें. ज्याला रुचणार नाहीं त्यानें तें नांव केवळ कीर्तीसाठीं लिहूं नये.

राहतां राहिला पैसा, आणि तो बोलतांना आपण उगाच संकोचतों. सरकारी महाविद्यालयांत वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते. अनेक अभिमत विद्यापीठांत ती वीस लाखांवर जाते, आणि वसतिगृह निराळें. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. ती साडेचार वर्षांची मिळून किती होते तें यादी करण्यापूर्वीं मांडावें, नंतर नव्हे. सरकारी पदवीबरोबर एक वर्षाच्या सेवेचें बंधपत्रही येतें. तें मोडल्यास भरावयाची रक्कम दहा लाखांच्या घरांत आहे. नेमका नियम त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेंत पाहावा. मुलाच्या शिक्षणासाठीं राहतें घर गहाण ठेवणारे आईबाप मीं पाहिले आहेत. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु तो निर्णय मुलाच्या देखत व्हावा, कारण कर्जाचें ओझें पुढें त्याच्याच खांद्यावर यावयाचें असतें.

यादी कायम करण्याच्या आदल्या रात्रीं वडिलांनीं वही मुलाच्या हातीं द्यावी आणि खालच्या टोकापासून एकेक नांव वाचून विचारावें, "येथें लागलास तर जाशील ना?" ज्या नांवाला तो गप्प राहील तें खोडावें. नंतर मुलानें तेंच वडिलांना विचारावें, "येथें लागलों तर पाठवाल ना?"