शुभ्र द्राक्षमद्याची पारख आणि घरातील लहानशी कोठी

या पृष्ठांवर मद्याचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. तथापि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली नाशिकच्या वाइनची बाटली येऊ लागली आहे, ही गोष्ट आपण डोळे मिटल्याने नाहीशी व्हावयाची नाही. ती बहुधा चोरून येते. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून कपाटात कपड्यांमागे नाही तर तापलेल्या माळ्यावर दडविली जाते. तेणेकरून घरची रीत बिघडतेच, शिवाय आतील पदार्थही बिघडतो. ज्या घरात ही वस्तू यावयाचीच, तेथे ती उघडपणे, अल्प प्रमाणात व जाणतेपणाने यावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

द्राक्षांचे मद्य आपणांस अगदीच परके आहे असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून, कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे प्रदेशांवरून दिली आहेत. चरकसंहितेत ‘मार्द्वीक’ आहे, आणि त्याच ग्रंथात मदात्ययाच्या चिकित्सेस स्वतंत्र अध्यायही आहे. पहिले वाचून दुसरे न वाचणारे पंडित आम्हांस पुष्कळ भेटले आहेत.

महाराष्ट्रापुरते पाहता, शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात नारायणगावी फसफसणारी वाइन करून परदेशी धाडली. पण शुभ्र वाइनची खरी चाल नाशकास सुरू झाली. अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणानजीक द्राक्षवेली लावल्या व २००० साली ‘सुला’च्या नावाने सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या दोन जातींच्या वाइन बाजारात आणल्या. पुढे दिंडोरी, निफाड, इगतपुरी, शिवाय सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथेही कारखाने उभे राहिले. युरोपात द्राक्षे शरदात खुडतात. आपल्याकडे सुगी जानेवारी ते मार्च. वाचकाने हे ध्यानी ठेवावे, कारण बाटलीवरील वर्षावरून तिचे वय काढताना त्याचा उपयोग होतो.

शुभ्र वाइन करताना द्राक्षे पिळून रस सालींपासून लागलीच वेगळा करतात व पोलादी टाक्यांत थंडाव्यात आंबवितात. तांबड्या वाइनमध्ये साली रसातच राहतात, म्हणून तीत कषाय रस उतरतो. शुभ्र वाइनमध्ये तो जवळजवळ नसतो. तिचा सारा डोलारा मधुर व अम्ल या दोहोंच्या तोलावर उभा असतो. पारख करावयाची ती याच तोलाची.

पेला तळाशी रुंद व तोंडाशी आवळलेला असावा आणि तो तृतीयांशच भरावा. पाठीमागे पांढरा कागद धरून रंग पाहावा. नव्या वाइनीत हिरवट झाक असते. ती मुरली की सोनेरी होते. कोवळ्या वयातच तपकिरी दिसली तर खुशाल संशय घ्यावा. मग पेला न हलविता एकदा व गोल फिरवून एकदा वास घ्यावा. इंग्रजी पुस्तके येथे ‘गूजबेरी’ची उपमा देतात, ते फळ आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? आपल्या नाकास आपलीच नावे शिकवावीत. सोव्हिन्योंमध्ये पेरू, ढोबळी मिरची, कापलेले गवत. शेनँमध्ये पिकली पपई, खरबूज, मध. व्हियोन्ये जातीत जर्दाळू आणि सोनचाफ्याची आठवण करून देणारा फुलांचा दरवळ. घोट गिळल्यावर मान किंचित खाली घालावी; तोंडास पाणी सुटले तर आम्लता जिवंत आहे असे समजावे. आम्लतेवाचून गोडी म्हणजे नुसता पाक.

एकच बाटली चाखून मात्र काहीच कळत नाही. शाळेत ‘दिन’ व ‘दीन’ हे शब्द शेजारी लिहिल्यावाचून मुलांस भेद उमगत नसे, तसेच येथे. दोन जाती शेजारी ठेवाव्यात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटरचे १५ वाटे होतात. घरातील सहा प्रौढांनी दोहोंतून एकेक वाटा घेतला तरी बरेच उरते, ते दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. विभक्त बिऱ्हाडातील दोघांस बाटली संपविण्याची घाई होते. एकत्र कुटुंबाचा हा लाभ कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही!

आता कोठीविषयी. युरोपात घराखाली तळघर असते व तेथे १२–१४ अंशांचा थंडावा बारमास टिकतो. आपल्या सदनिकेत खाली दुसऱ्याचे छत आणि वर दुसऱ्याची जमीन! माळा सर्वांत वाईट, कारण उष्ण हवा वर जाते. स्वयंपाकघर त्याखालोखाल. पण गृहिणींस ठाऊक आहे ती गोष्ट येथे लागू पडते: मोरांबा मुरतो, पण टक्कू ताजाच खावा. नाशिकच्या बहुतेक शुभ्र वाइन टक्कूच्या जातीच्या आहेत. सुगीपासून एकदोन वर्षांत त्यांचा बहर सरतो. मग डझनावारी साठा करून काय साधणार? सहा बाटल्यांची कोठी पुरे. संपेल तशी भरावी.

या सहांत दोन सोव्हिन्यों, कोथिंबीरवडी-अळूवडीसाठी; दोन किंचित गोडसर शेनँ, कारण तिखटाने मद्याचा दाह वाढतो व गोडीने तो शमतो, तेव्हा भरल्या वांग्यांस हीच; एक व्हियोन्ये किंवा रीसलिंग; आणि एक उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. श्रीखंडाबरोबर कोरडी वाइन घेणे ही शिक्षा आहे.

बाटल्या आट्यांच्या झाकणाच्या असल्या तर उभ्या ठेवाव्यात. बुचाच्या असल्या तर आडव्या, म्हणजे बूच ओले राहते. काही आठवड्यांसाठी साधा शीतपेटीचा तळचा कप्पा चालतो. स्वतंत्र वाइनपेटी घेणाराने ती कॉम्प्रेसरची घ्यावी. विजेच्या थंड पट्टीवर चालणारी स्वस्त पेटी खोलीपेक्षा ठरावीक अंशच थंड होते, आणि मे महिन्यात हात टेकते. नाशकाहून मोटारीने येताना बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवून कसाऱ्यास जेवावयास उतरू नये. पिण्यापूर्वी दहा मिनिटे बाटली बाहेर काढावी. ८ ते १२ अंशांत वास उमलतो.

महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा रद्द झालेला नाही. परवाना एक दिवसाचा, वर्षाचा वा आजन्म मिळतो. तसेच मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. ‘हृदयास बरे’ ही सबब आता चालणार नाही. घरात गर्भवती सून असेल तर तिच्यासाठी कोकम सरबत करावे. ज्या घरात एकासही व्यसनाची बाधा झाली असेल, तेथे ही कोठी मुळीच नको, मग पाहुण्यांस काय वाटेल ते वाटो.

उघडलेली बाटली झाकण लावून थंड जागी दोनतीन दिवस टिकते. त्यानंतर नाक लावून पाहावे. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर किमतीचा विचार न करता ती मोरीत ओतावी.